पाण्याची साक्ष

पोद्स्काला, १२ जून २००७

त्सिरिल,

तुझा पत्ता मिल्काच्या खणातून घेतला. दर नाताळला तू तिला कार्ड पाठवतोस. ती मला दाखवत नाही आणि मी मागत नाही. आज ती बहिणीकडे गेली आहे.

पत्र कामाचं आहे.

येलेंका ओढ्याचा निकाल आला. मागच्या शरदात ल्युब्ल्यानाहून माशांवर काम करणारी एक डॉक्टर आली होती, नेझा नावाची. धबधब्याच्या वर दोन किलोमीटर चालत गेली, ऐंशी माशांच्या पंखांचे नखाएवढे तुकडे कापले, बाटल्यांत घालून घेऊन गेली. वरच्या ओढ्यात आता एकही शुद्ध संगमरवरी ट्राऊट राहिलेली नाही. सगळ्यांत लाल ठिपक्यांच्या साध्या तपकिरी ट्राऊटचं रक्त आहे, कुणात थोडं, कुणात बरंच. खालचा मासा धबधबा चढू शकत नाही म्हणून हा ओढा हजारो वर्षं स्वच्छ राहिला होता. खोऱ्यात असे मोजकेच उरले होते. नेझाने नकाशावर आपल्या ओढ्यावर पेन्सिलीने काट मारली. फार हलक्या हाताने मारली, पण मारली.

ऑक्टोबरात वरचा सगळा ओढा रिकामा करायचा ठरलं आहे. पाण्यात वीज सोडून मासे बधिर करायचे, बादल्यांत भरायचे, लवंगेच्या तेलात मारायचे. दोन वर्षं पाणी मोकळं ठेवायचं. मग दुसऱ्या स्वच्छ ओढ्यातली पिल्लं आणून सोडायची. राखणदार म्हणून मी सही केली.

अडचण आहे ती कढईच्या डोहाची. तिथे खडकाच्या पोटात पाणी किती आत जातं ते तुला माहीत आहे. तिथवर वीज पोचत नाही. आणि आत एक मोठा आहे. मी तीनदा पाहिला. सत्तर सेंटीमीटरच्या वर असेल. ओढा तिथे एवढा अरुंद आहे की मी या वयातही उडी मारून पलीकडे जातो, आणि त्यात हे धूड. लहान मासे खाऊन वाढलं आहे. तो एक राहिला तर बाकीचं सगळं फुकट.

त्याला गळाला बांधलेल्या नकली माशीवरच काढावं लागेल. वर हेझलच्या फांद्या आहेत, काठी मागे फिरवायला जागा नाही. गुडघ्यांवर बसून, माशी दोन बोटांत धरून, काठी धनुष्यासारखी वाकवायची आणि सोडायची. खांद्यामुळे माझा उजवा हात आता कानापर्यंत जात नाही. हे खोऱ्यात नीट जमायचं ते तुलाच.

सप्टेंबरअखेर हंगाम संपतो. त्याआधी येऊ शकलास तर बरं. राहायला वरची खोली आहे.

जुनं जे झालं ते पाण्याबरोबर गेलं. नक्की कसं झालं हे आता कुणाला आठवतही नाही.

आल्बिन


९ जुलै २००७

त्सिरिल,

पहिलं पत्र पोचलं असेल किंवा नसेल. मिल्का म्हणते अर्जेंटिनाला तीन आठवडे लागतात. तिला पत्राचं कळलं. खण नीट बंद केला नव्हता.

"त्याला काय लिहिलंस?" तिने विचारलं.

"ये म्हणून."

"अकरा वर्षांनी?"

"मासा काढायला."

"हो, मासा काढायला," ती म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.

हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. परवा नेझा जेवायला होती. उकडलेले बटाटे, खारं चीज, नेहमीचंच. पोरगी चांगली खाते. मला काका म्हणते. जेवता जेवता म्हणाली, "काका, तुमच्या ओढ्यात एक विचित्र गोष्ट दिसली. आईकडची बाजू सगळी स्वच्छ आहे."

"म्हणजे?"

"कुणी डब्यातून तपकिरी मासे वर नेऊन सोडले, असं मासेमारी संघाच्या कागदात लिहिलंय ना? तसं असतं तर त्यांत माद्याही असत्या. त्यांची खूण पिल्लांत आईकडून उतरली असती. ऐंशी माशांत एकातही नाही. परकं रक्त आलंय ते फक्त बापाकडून. बहुतेक एकाच बापाकडून."

मिल्का म्हणाली, "बापाकडून कधी काही चांगलं आलंय?"

नेझा हसली. मीही हसलो. मग तिने विचारलं, "नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला उबवणीच्या झोपडीत अंड्यांवर सोडायला नराचं दूध कोण काढायचं?"

मी म्हणालो, आम्ही दोघं भाऊ. जो हाताशी असेल तो.

ती तुला पत्र लिहील असं वाटतं. पत्ता मिल्काने दिला. तिने विचारलं तर इतकंच लिही की सोळा वर्षं झाली, आठवत नाही. खोटं बोल असं मी म्हणत नाही. सोळा वर्षांनी कुणाला काय आठवतं? शिवाय आता त्याने काय फरक पडतो, मासे तर मरणारच आहेत.

तुझ्या मनात काही भलतं असेल तर एक सांगतो. एक्क्याण्णवचा नोव्हेंबर मला आठवतो. वरच्या ओढ्यातल्या तीन माद्या झोपडीत टाकीत होत्या, अंड्यांनी तटतटलेल्या, आणि वरून एकही नर मिळत नव्हता. चार दिवस पाऊस. नियम साधा आहे, मादी वरची तर नरही वरचाच. पण पाचव्या दिवशी पोटं इतकी सैल झाली की अंडी आपोआप गळायला लागली. आज नाही तर सगळं गेलं, अशी वेळ होती. मी सकाळी धबधब्याच्या खाली गेलो आणि माशीवर एक नर धरून आणला. मोठा होता. अंगावर सगळी संगमरवरी नक्षी, शेपटीपासून डोक्यापर्यंत, डोळ्यांच्या वरही. असा देखणा नर मी पुन्हा पाहिला नाही.

त्याच्या पाठीवरच्या लहान पंखाखाली काहीतरी लाल होतं. मी अंगठ्याने घासलं. गळ लागून आलेलं रक्त होतं, गेलं.

इतकंच.

मोठ्या माशाचं लवकर कळव.

आल्बिन


२० ऑगस्ट २००७

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने ते मिल्काच्या हातात दिलं, तिने वाचून माझ्या ताटाशी ठेवलं. पुढे डोंगर आणि तळं, मागे पाच शब्द.

मासा तुझा आहे. तू मार.

"तुझा कसा?" मिल्काने विचारलं.

"मी राखणदार आहे म्हणून."

तिने कार्ड उचलून खणात ठेवलं.

मी पाच वेळा गेलो. पहिल्या चार खेपा सांगण्यासारख्या नाहीत. एकदा फांदीत अडकलो, एकदा सावली पाण्यावर पडली, दोनदा तो दिसलाच नाही. खांदा वर जात नाही म्हणून मी काठी डाव्या हातात घ्यायला शिकलो. घरामागे कुंपणाशी गुडघ्यांवर बसून सराव केला. विल्येमने रस्त्यावरून पाहिलं. संघाचा अध्यक्ष झाल्यापासून तो सगळीकडे गाडी हळू चालवतो.

"आल्बिन, देवाची प्रार्थना करतोस की कोबीला गळ टाकतोस?"

"कोबीच लागेल आता."

"तो मासा आणशील तो जपून आण हं. डोक्यावर मारू नकोस जोरात. गुत्त्यात भिंतीवर लावायचाय. खाली पितळी पट्टी. तुझं नाव घालू."

पाचव्यांदा, चौदा तारखेला, ऊन उतरायच्या आधी गेलो. माशी मी बांधलेली नव्हती. झोपडीत खिडकीच्या चौकटीला तुझी एक राहिली होती, काळी, आपल्या कुत्र्याच्या मानेचे केस लावून बांधलेली. तेव्हा मिल्का तुला म्हणायची, आणखी चार माशा बांधशील तर कुत्रं टकलं होईल. दगडाखाली राहणाऱ्या लहान माशासारखी पाण्यात दिसते. गळाला गंज नव्हता. टोकाचा उलटा काटा तू आधीच दाबून टाकला होतास.

मी शेवटचे वीस मीटर रांगत गेलो. पाणी हिरवं आणि अगदी स्थिर होतं. खडकाच्या ओठाशी एक लांबट सावली होती, ती मी बराच वेळ दगड समजत होतो. मग दगडाने तोंड उघडून मिटलं. मी माशी बोटांत धरली, काठी वाकवली, सोडली. माशी खडकाला लागून पाण्यात पडली. हे मी ठरवून केलं नव्हतं. तू ठरवून करायचास.

तो वळला. घाई नव्हती त्याला. तोंड उघडलं तेव्हा आतला पांढरा भाग दिसला, आणि माशी नाहीशी झाली.

झुंज लांबवून सांगत नाही. खडकाखाली जायला निघाला, मी जाऊ दिलं नाही. कमरेपर्यंत पाण्यात गेलो, उजव्या हाताने दोरी धरली, बोट कापलं. जाळीत मावला नाही. शेवटी छातीशी धरून वाळूवर आणला. चौऱ्याहत्तर. मी दोनदा मोजला. आपण दोघांनी या ओढ्यातून काढलेला सगळ्यात मोठा बावन्नचा होता.

काठीने एकच घाव घातला. तो शांत झाल्यावर कुशीवर वळवला.

नक्षी तीच. त्या नराची. डोळ्यांच्या वरही तशीच. आणि लहान पंखाखाली लाल ठिपका, मसुरीएवढा, भोवती फिकट कडं.

मी अंगठ्याने घासला. का घासला सांगता येत नाही. कुणी पाहत नव्हतं. बोटाचं रक्त त्याच्या अंगाला लागलं, ते पाण्याने धुतलं, पुन्हा घासलं. माझं रक्त गेलं.

जुलैच्या पत्रात मी लिहिलं होतं, गेलं. ते खोटं आहे. तेव्हाही गेला नव्हता.


२३ ऑगस्ट

विल्येमला मासा दिला नाही. सफरचंदाच्या झाडाखाली पुरला. त्याला सांगितलं की निसटला. तो म्हणाला, "म्हातारा झालास रे."


२ सप्टेंबर २००७

त्सिरिल,

आता सरळ लिहितो.

तू वाटी धरली होतीस. कोरडी, पुसलेली, निळ्या काठाची. तिन्ही माद्यांची अंडी आत होती. मी नर काखेत धरला आणि पोटावरून अंगठा खाली आणायच्या आधी तू म्हणालास, "आल्बिन, थांब. याला लाल ठिपका आहे."

मी म्हणालो, "गळाचं रक्त आहे."

मी घासलं. तू पाहत होतास. तू म्हणालास, "जात नाहीये ते."

मी म्हणालो, "तुला मासे पकडता येतात. झोपडीतलं तुला काय कळतं? वाटी धर."

तू धरलीस. मी दूध काढलं. तू हंसाच्या पिसाने ढवळलंस, मी शिकवलं होतं तसं, हळू, तळापासून. मग पाणी घातलं. पुढच्या उन्हाळ्यात तीच पिल्लं तू दुधाच्या कॅनमध्ये पाठीवर घेऊन धबधब्याच्या वर गेलास, कारण माझे गुडघे दुखत होते. लाकूडतोड्यांनी तुला कॅन घेऊन जाताना पाहिलं.

त्या दिवशी मी ते का केलं हे सोपं आहे. पुढचा नोव्हेंबर येईपर्यंत थांबायचं नव्हतं. एक वर्ष रिकामं गेलं असतं तर संघाने झोपडी बंद केली असती, तसं बोलणं चाललं होतं. शिवाय तो नर फार सुंदर होता. एवढ्या सुंदर माशात खोट असेल असं वाटेना. ठिपका दिसत होता तरी वाटेना.

शहाण्णवचं सोपं नाही.

फेब्रुवारीची सभा. तोवर ओढ्यात लाल ठिपक्यांचे मासे सगळ्यांना दिसायला लागले होते. विल्येम म्हणाला, त्सिरिल ज्यांना मासे धरायला नेतो ते ऑस्ट्रियाचे पाहुणे मोठे मासे मागतात, संगमरवरी हळू वाढतात, म्हणून याने तपकिरी नेऊन सोडले. कॅन पाहणारे दोघं उभे राहिले. तू म्हणालास, कॅनमध्ये झोपडीतली पिल्लं होती. मग सगळे माझ्याकडे वळले आणि विल्येमने माझी साक्ष मागितली.

साक्ष म्हणजे काय हे तुला सांगायला नको. पण लिहितो, म्हणजे माझ्यासमोर राहील. राखणदार उभा राहतो, टोपी काढतो, आपल्या पाण्याबद्दल बोलतो. त्यावर मत घेत नाहीत, प्रश्न विचारत नाहीत. बाबांच्या आधीपासून तसंच आहे. तो बोलला की झालं.

मी टोपी काढली आणि म्हणालो, "माझ्या झोपडीतून शुद्ध पिल्लंच गेली."

मला वाटलं होतं तू ओरडशील. ओरडला असतास तर बरं झालं असतं, मला राग आला असता, मी त्या रागावर निभावलं असतं. तू नुसता माझ्याकडे पाहत राहिलास, मी आणखी काही बोलेन म्हणून. बरीच मिनिटं पाहिलंस. मग कोटावरचा संघाचा बिल्ला काढून टेबलावर ठेवलास.

मला झोपडीची किल्ली सोडवत नव्हती, एक. दुसरं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पाहुणे यायचे ते तुझं नाव विचारत यायचे. "त्सिरिल कुठे आहे?" तीस वर्षं मी मासे वाढवत होतो आणि माझ्या दारात उभे राहून ते मला विचारायचे, त्सिरिल कुठे आहे. सभेत मी टोपी काढली तेव्हा मला ओढा आठवला नाही. ते दार आठवलं.

हे सगळं मी परवा मिल्काला सांगितलं. ती कपडे इस्त्री करत होती. इस्त्री खाली ठेवली, बटण बंद केलं. मग म्हणाली, "तो गेला त्या सकाळी मी त्याला डबा दिला होता. त्याने विचारलं, आल्बिन उठलाय का? मी आत आले. तू जागा होतास. म्हणालास, झोपलोय म्हणून सांग."

"हो."

"मी सांगितलं."

"हो."

"म्हणजे मलाही साक्षीला लावलंस तू."

त्या दिवसापासून ती वरच्या खोलीत झोपते.

नेझाला तू काय लिहिलंस मला माहीत नाही. आठवत नाही असं लिही म्हणून मी सांगितलं होतं, ते मागे घेतो.

आल्बिन


१४ ऑक्टोबर २००७

त्सिरिल,

काल सभा झाली. ओढा रिकामा करण्याआधी राखणदाराची साक्ष लागते, म्हणून खास बोलावली होती. गुत्त्यात साठेक माणसं. विल्येमने मला पुढे बसवलं. टेबलावर एक डबी होती, निळ्या मखमलीची. चाळीस वर्षांच्या सेवेबद्दल सोन्याचा बिल्ला. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

"आता येलेंकाचा राखणदार बोलेल," विल्येम म्हणाला, "मग बिल्ला, मग जेवण. आल्बिन, सूप थंड होतंय, आवर."

लोक हसले. मी उभा राहिलो, टोपी काढली. घरून लिहून आणलं होतं, ते वाचलं नाही. म्हणालो, "एक्क्याण्णवच्या नोव्हेंबरात मी धबधब्याखालचा नर वापरला. त्याला लाल ठिपका होता. मी पाहिला होता. त्सिरिलने मला थांबवलं होतं. शहाण्णवला या खोलीत मी खोटी साक्ष दिली. त्सिरिलने काही केलेलं नाही."

कुणीतरी चमचा खाली ठेवला. मी वाट पाहिली. काय होईल असं मला वाटत होतं ते मी मिल्काला सांगून आलो होतो. कुणी शिव्या देईल, कुणी थुंकेल, किल्ली मागतील. मी किल्ली खिशातून काढून हातात धरली होती.

मागच्या बाकावरून म्हातारा लुद्विक म्हणाला, "शेवटी भाऊ आहे रे. रक्त ओढतं."

विल्येम उठून आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, दुखऱ्या. हळूच विचारलं, "त्सिरिल आजारी आहे का?"

"नाही."

"मग मरायला टेकलंय कोण, तू?"

पुढचे दोघं-तिघं हसले.

मी म्हणालो, "विल्येम, मी खोटं बोललो होतो."

"तू?" त्याने खोलीकडे वळून मोठ्याने म्हटलं. "चाळीस वर्षांत हा माणूस खोटं बोललेला कुणी ऐकलाय? आज पहिल्यांदा बोलतोय. तेही भावासाठी. म्हणून तर आम्हाला तू आवडतोस, म्हाताऱ्या."

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्सिरिल, ते उभे राहून टाळ्या वाजवत होते. लुद्विक डोळे पुसत होता.

इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून मी पाहिलं. त्याने लिहिलं होतं, राखणदार आल्बिन यांनी भावाच्या कृत्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली, सभेने ती मोठ्या मनाने स्वीकारली. मी म्हणालो, खोड ते. तो म्हणाला, "आल्बिनजी, साक्ष एकदाच लिहितात. शहाण्णवची लिहिलेली आहे. तुम्हीच तर आम्हाला हे शिकवलंत."

मी तुला सोडवायला उभा राहिलो आणि तुला दुसऱ्यांदा दोषी ठरवून खाली बसलो. पहिल्या वेळी निदान ते तुझ्यावर चिडले होते. आता त्यांनी तुला माफ केलं आहे.

डबी आणि किल्ली दोन्ही टेबलावर ठेवून निघालो. डबी विल्येमने आज सकाळी घरी आणून दिली. मिल्काने दार उघडलं नाही. डबी पायरीवर आहे.


३० नोव्हेंबर २००७

त्सिरिल,

ओढा रिकामा झाला. तीन दिवस लागले. धबधब्यापासून उगमापर्यंत बारा माणसं, पाठीवर यंत्रं, हातात लांब दांड्यांच्या जाळ्या. वीज सोडली की मासे दगडांखालून वर येतात आणि कुशीवर तरंगत राहतात, जणू कुणी हाक मारली म्हणून आले. पाचशे सदतीस. माझं काम बादल्यांशी होतं. नेझाने सांगितलं होतं की ठिपक्याचे एकीकडे, बिनठिपक्याचे दुसरीकडे ठेवा, तिला मोजायचे होते. बिनठिपक्याचे एकेचाळीस निघाले. मी विचारलं, हे तरी ठेवता येतील का?

"दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं, काका," ती म्हणाली. "सगळेच."

तिने तेल ओतलं. लवंगेचा वास अजून माझ्या स्वेटरला आहे. पहिली बादली शांत झाल्यावर मी तिला सांगितलं. नर, ठिपका, साक्ष, सगळं. हातात सुरी होती, मासे चिरत सांगितलं, वर न बघता.

ती म्हणाली, "दूध तुम्हीच काढायचात हे मला जूनपासून माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या झोपडीतल्या तक्त्यावर दर नोव्हेंबरला अक्षर तुमचंच आहे. दुसरं कुणाचं असणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"माझं काम माशांचं आहे. माणसांचं तुम्ही बघाल असं वाटलं."

तुझ्याकडून उत्तर आलं का, हेही मी विचारलं. तिने तुला पत्र लिहिलंच नव्हतं.

मग तिने वही काढली. "सांगा पुन्हा. लिहून घेते. पण सही करावी लागेल, आणि ते छापलं जाईल." ती काठावरच्या दगडावर बसली, मी बादल्यांमध्ये उभा राहिलो. ती मध्ये मध्ये थांबवून विचारायची, तारीख, माद्या किती, ठिपका नक्की कुठे. टाळी वाजवायला कुणी नव्हतं. अर्धा तास लागला. सही करताना कागदाला खवले चिकटले, तिने ते फुंकून उडवले.

काल छापील अहवाल आला. मी एक प्रत गुत्त्यात नेऊन ठेवली. विल्येमने चाळली, आकडे पाहिले, म्हणाला, "हे शहरातल्या लोकांचं काम. आपल्याला काय कळणार यातलं?" आणि ग्लास ठेवायच्या चकत्यांच्या ढिगाखाली सरकवून ठेवली. इथे ती कुणी वाचणार नाही. इथे तू जो होतास तोच राहशील, माफ केलेला. ते मला बदलता आलं नाही, आता येणारही नाही.

झोपडीत यंदा दुसरा माणूस आहे. या नोव्हेंबरात मी कुठल्याच मादीला हात लावला नाही. हात नुसते मांडीवर असतात. मिल्का अजून वरच राहते, पण आज सकाळी तिने जिन्यावरून विचारलं, त्याला पाठवलास का अहवाल? म्हणून आज पाठवतो आहे.

ये म्हणत नाही. माफ कर असंही म्हणत नाही, तो शब्द इथे सध्या फार स्वस्त झाला आहे.

अहवालातलं चौदावं पान फाडून सोबत जोडलं आहे. येलेंकात परकं रक्त कसं आलं ते त्यावर आहे. ओढ्याचं नाव आहे, साल आहे, तीन माद्या आहेत, माझं पूर्ण नाव आहे. मी ते पान चार वेळा वाचलं. तुझं नाव त्यावर कुठेही नाही.

आल्बिन